दोन बूट, टाके सारखे, माप वेगळं

भाचीने मैत्रिणीच्या बाळासाठी लोकरीचे बूट विणायला घेतले होते. पहिला बूट मनासारखा झाला. दुसरा पूर्ण झाल्यावर तिने तळव्याला तळवा लावून बघितलं आणि दोन्ही घेऊन माझ्याकडे आली.

"मावशी, टाके तेवढेच आहेत. तीनदा मोजले. मग हा एवढुसा का झाला?"

मी पट्टी लावली. पहिल्या बुटाचा तळवा ९ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ८.४. तळव्यापासून वरच्या काठापर्यंत पहिला ६.३ सेंटिमीटर उंच, दुसरा ५.७. लांबीतही ६ मिलिमीटर कमी, उंचीतही ६ मिलिमीटर कमी. मोठ्या माणसाच्या मोज्यात एवढा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अगदी लहान बाळाचं पाऊल जेमतेम ८ सेंटिमीटरच्या आसपास असतं. तिथे ६ मिलिमीटर कमी पडले की एक बूट अलगद चढतो आणि दुसरा टाचेवर अडून बसतो.

हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण असा फरक आला की आपण सगळ्याजणी "हात घट्ट पडला" एवढं म्हणून मोकळ्या होतो. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले. या बुटांच्या बाबतीत ते उत्तर चुकीचं होतं, आणि तेच धरून बसलो असतो तर तिसरा बूटही छोटाच झाला असता.

नमुना काय होता

बूट क्रोशाचे, मध्यम जाडीच्या ॲक्रिलिक लोकरीत, ३.५ मिलिमीटरच्या सुईने. सगळी विण मुक्या खांबाची, म्हणजे क्रोशातल्या एका साध्या, बुटक्या टाक्याची. इंग्रजी नमुने वाचणाऱ्यांसाठी सांगायचं तर अमेरिकन नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो हा टाका. ब्रिटिश नमुन्यात याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात. हा घोळही बूट मोठे-छोटे करू शकतो, म्हणून तो आधी विचारून घेतला. भाचीने दोन्ही बूट एकाच कागदावरून विणले होते, तेव्हा ती शंका तिथेच मिटली.

तळव्याची सुरुवात १० साखळ्यांनी, म्हणजे एकातून एक ओढलेल्या दहा फासांनी. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घालून ओळीने ८ साखळ्यांत ८, शेवटच्या साखळीत ३, मग काम न उलटता साखळीच्या दुसऱ्या अंगाने ७, आणि जिथे पहिला टाका घातला त्याच साखळीत आणखी २. झाले २०. पुढे प्रत्येक फेरीत दोन्ही टोकांना तीन-तीन, म्हणजे ६ टाके वाढवायचे: २६, ३२, ३८, ४४. पाच फेऱ्यांत तळवा पुरा.

दर फेरीला ६च का, हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. नंतर समजलं तेव्हा फार बरं वाटलं, म्हणून सांगते. तळव्याची दोन गोल टोकं एकत्र केली की एक पूर्ण वर्तुळ होतं. एक फेरी वाढली की वर्तुळाची त्रिज्या टाक्याच्या उंचीएवढी वाढते, आणि परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट, म्हणजे ६.२८ पट. मुका खांब जेवढा उंच साधारण तेवढाच रुंद असतो, म्हणून परिघावर सहा टाके जास्त मावतात. नुसता खांब हा वेगळा टाका, मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून खांबाच्या गोलात दर फेरीला १२ वाढवतात. वाढ कमी पडली की गोलाची वाटी होते, जास्त झाली की झालर.

तळव्यावर १४ फेऱ्या चढवायच्या. पहिल्या ५ सरळ, पुढच्या ३ फेऱ्यांत पंज्याकडे दोन टाक्यांचा एक करत ४४चे २८ करायचे, आणि शेवटच्या ६ पुन्हा सरळ. टाका साधारण ५ मिलिमीटर रुंद आणि ४.५ मिलिमीटर उंच बसला की तळवा ९ सेंटिमीटर आणि उंची ६.३ येते. पहिला बूट नेमका तेवढाच होता. म्हणजे शोध दुसऱ्याचाच घ्यायचा होता.

काय काय तपासलं

टाके मोजले. तिने एकूण मोजले होते, मी फेरीफेरीने मोजले. सर्पिल फेऱ्यांत, म्हणजे फेरी न जोडता सलग विणताना, एखादा टाका सुटला आणि पुढे नकळत एक जास्त पडला तर बेरीज बरोबर येते, पण आकार वाकडा होतो. तसं काही नव्हतं. फेऱ्याही दोन्हीत पाच आणि चौदाच.

सुई तपासली. तिच्याकडे एकच ३.५ची. सुई बरोबर असूनही टाका लहान पडायचं एक कारण असतं: फास सुईच्या सरळ, पूर्ण जाडीच्या भागावर नेऊन न बसवता आकड्याजवळच्या निमुळत्या मानेवरच काही जणी विणतात. मग सुई ३.५ची असली तरी टाका ३ मिलिमीटरच्या सुईचा होतो. तिला समोर बसवून दहा टाके विणायला लावले, नजर सुईवर ठेवली. फास नीट दांड्यावर जात होता.

लोकर एकाच गोळ्यातली, तेव्हा रंगाईचा लॉट वेगळा, जाडी वेगळी हा प्रश्नच आला नाही.

राहिला हात. दुसरा बूट दाबून बघितला तर खरोखरच जास्त कडक आणि दाट लागत होता. उजेडासमोर धरला तर टाक्यांमधल्या फटी पहिल्यापेक्षा बारीक. इथे कुणीही "हात घट्ट" म्हणून निकाल दिला असता. पण दोन गोष्टी मला खटकल्या. घट्ट हाताचं काम सहसा एकसारखं नसतं. सुरुवातीला घट्ट, मग हात बसला की सैल. मन दुसरीकडे गेलं की पुन्हा वेगळं. हा बूट तळव्यापासून काठापर्यंत एका मापात लहान होता. दुसरं म्हणजे घट्ट विणणारीला पुढच्या फेरीत सुई खुपसताना त्रास होतो, बोटं दुखतात. तिला विचारलं तर म्हणाली, "नाही गं, उलट हा पटापट झाला."

एक टाका, जवळून

मग टेबलावरचा दिवा खाली ओढला, दोन्ही बूट शेजारी ठेवले आणि बाजूच्या सरळ फेऱ्यांतला एकच टाका बघायला लागले. चष्मा वर करून, कापड डोळ्यांपासून वीतभर अंतरावर.

पहिल्या बुटाचा टाका: खाली एका भोकातून दोन धागे निघतात आणि वर जाताना एकमेकांपासून दूर होतात. इंग्रजी व्ही अक्षर काढावं तसे. त्याच्या शेजारी दुसरा व्ही, तिसरा व्ही.

दुसऱ्या बुटाचा टाका: तेच दोन धागे, पण मध्यावर एकमेकांना ओलांडून जातात. फुली. शेजारी दुसरी फुली. अख्खी फेरी फुल्यांची, जणू कुणी कापडावर बारीक कशिदा काढला आहे.

पंज्याकडे गेले, आणि तिथे या फुल्यांच्या रांगेत मधेच एक व्ही दिसला. चार टाके सोडून आणखी एक. जिथे जिथे दोन टाक्यांचा एक केला होता, फक्त तिथे व्ही. बाकी सगळीकडे फुल्या. बूट खाली ठेवून मी तिला विचारलं, "पहिला बूट आणि दुसरा यांच्या मधे तू काय विणलंस?"

"ससा. किचेनला लावायचा. व्हिडिओ बघून."

तिथे उलगडा झाला.

ससा म्हणजे अमिगुरुमी. जपानी शब्द आहे. विणकाम या अर्थाचा 'अमि' आणि कापूस भरलेलं खेळणं या अर्थाचा 'नुइगुरुमी' मिळून झालेला. अशा खेळण्यात भरलेला कापूस टाक्यांच्या फटीतून बाहेर डोकावू नये म्हणून विण शक्य तेवढी दाट हवी असते. त्यासाठी खूप जणी मुका खांब घालताना सूत वेगळ्या तऱ्हेने उचलतात. व्हिडिओत ते हळूहळू, जवळून दाखवलेलं होतं. तिने तसंच केलं, सशाच्या शेकडो टाक्यांत हाताला ते वळण लागलं, आणि दुसरा बूट हातात घेतला तेव्हा हात नव्या वळणानेच चालू राहिला. दोन टाक्यांचा एक करायला मात्र ती कधीतरी माझ्याकडून शिकली होती. तो प्रकार सुरू झाला की हात आपोआप जुन्या पद्धतीवर यायचा, आणि पुढच्याच टाक्याला पुन्हा नव्या. तिला यातलं काहीही जाणवलं नव्हतं.

फरक नेमका कुठे पडतो

मुक्या खांबात सूत दोनदा उचलावं लागतं. सुई खालच्या टाक्यात घातली की पहिल्यांदा सूत उचलून फास बाहेर काढायचा. आता सुईवर दोन फास असतात. मग दुसऱ्यांदा सूत उचलून ते दोन्ही फासांतून ओढून घ्यायचं. गंमत सगळी पहिल्या वेळेची आहे.

नेहमीच्या पद्धतीत सुई सुताच्या खालून नेतात. सूत मागून येऊन सुईच्या पाठीवरून वळसा घेतं, मग आकड्यात येतं. दुसऱ्या पद्धतीत सुई सुताच्या वर ठेवून आकड्याने त्याला वरून पकडतात आणि तसंच ओढून घेतात. सुताला सुईवरून वळसा घ्यायचा नसतो, रस्ता आखूड होतो. प्रत्येक टाक्यात सूत थोडं कमी लागतं, आणि फास पिळलेला बसतो, म्हणून त्याचे दोन पाय एकमेकांना ओलांडतात. हीच ती फुली. दुसऱ्यांदा सूत उचलताना दोन्ही पद्धती सारख्याच.

एका टाक्यात हा फरक डोळ्याला दिसत नाही. आमच्या बुटांत फेरीची उंची ४.५ मिलिमीटरवरून सुमारे ४.१वर आली होती. तळव्याच्या ५ फेऱ्या दोन्ही टोकांकडे धरल्या की ४ मिलिमीटर तिथेच गेले, आणि मधल्या सरळ टाक्यांच्या रुंदीत २. उंचीत १४ फेऱ्यांचे जवळजवळ ६. पट्टीने मोजलेला आकडा आणि हा हिशेब जुळला तेव्हा मला खात्री पटली की आणखी दुसरं कारण शोधायची गरज नाही.

दोन सुयांवर विणणाऱ्यांनी हे ओळखलं असेल. तिथेही अगदी असंच होतं, उलट टाक्यात. उलट टाका घालताना सूत सुईवरून न घेता खालून ओढलं की त्याचा रस्ता आखूड होतो, टाका घट्ट येतो आणि सुईवर उलट्या बाजूने बसतो: पुढे असायचा तो पाय मागे जातो. पुढच्या सुईला, म्हणजे पुढच्या ओळीला, सवयीने पुढच्याच पायातून सुलट टाका काढला की तो पिळला जातो. कापड कमी ताणतं, टोपी डोक्यात घालताना अडते, आणि विणणारी म्हणते, माझे उलट टाके कसे बिघडतात कळत नाही. मागच्या पायातून काढला तर पीळ पडत नाही आणि काम बिनचूक होतं. खालून सूत घेण्यात चूक काहीच नाही, फक्त पुढच्या सुईला टाका कुठून काढायचा हे माहीत हवं.

काय करायचं ठरलं

भाचीचा पहिला विचार: छोटा बूट वाफेवर धरून ओढून मोठा करावा. तो मी ताबडतोब थांबवला. लोकर ॲक्रिलिक. इस्त्रीची उष्णता किंवा जास्त वाफ लागली की ॲक्रिलिकचे तंतू मऊ पडतात, टाके चपटे होतात, विणीतला उठाव आणि लवचीकपणा कायमचा जातो. पुन्हा धुऊन, वाळवून तो येत नाही. खरी मेंढीची लोकर असती तर ओली करून, टाचण्या लावून थोडी मोठी वाळवता आली असती. पण बुटासारखी वस्तू पुन्हापुन्हा धुतली जाते, आणि धुतल्यावर प्रत्येक टाका आपल्या मूळ मापाकडे जायला बघतो. ओढून आणलेले ६ मिलिमीटर टिकले नसते.

दुसरी कल्पना: फुलीचा टाका तसाच ठेवून सुई ४ मिलिमीटरची घ्यायची. माप कदाचित जुळलं असतं. पण एका बुटावर व्ही आणि दुसऱ्यावर फुल्या, जोडी म्हणून ते शोभलं नसतं. आणि एक बूट जास्त ताणणारा, दुसरा कमी.

म्हणजे एक बूट उसवायलाच हवा होता. कुठला? इथे थोडी चर्चा झाली. फुल्यांचा बूट दिसायला जास्त रेखीव होता, भाचीला तोच आवडत होता. माझं म्हणणं वेगळं होतं. खेळण्याला कडकपणा हवा, बाळाच्या पायाला मऊपणा. व्हीचा टाका थोडा ताणतो, पाऊल आत सरकताना वाट देतो. शिवाय बाळाचा पाय आठवड्याआठवड्याला वाढतो, तेव्हा दोन मापांतलं मोठं ठेवणंच शहाणपणाचं. तिने दोन्ही बूट आपल्या दोन बोटांवर चढवून बघितले, क्षणभर थांबली, आणि फुल्यांचा बूट उसवायला घेतला. मला तिचं वाईट वाटलं. दोन संध्याकाळींचं काम दहा मिनिटांत सुताचा ढीग होऊन पडतं, तेव्हा कुणालाही वाटणारच.

उसवलेली लोकर नागमोडी होते. तशीच लगेच विणली तर टाके लहानमोठे दिसतात. ती खुर्चीच्या पाठीभोवती सैल गुंडाळून लड केली, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, हाताने दाबून पाणी काढलं आणि टांगून वाळवली. दुसऱ्या दिवशी वळ्या पुष्कळ गेल्या होत्या.

हाताचं वळण परत आणणं

मला वाटलं होतं, कारण कळलं म्हणजे काम झालं. तसं झालं नाही. तिने नवा तळवा सुरू केला, पहिले पाच-सहा टाके बरोबर आले, आणि बोलता बोलता पुन्हा फुल्या. डोक्याला समजलेलं बोटांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

मग बूट बाजूला ठेवला. उरलेल्या सुतावर २० टाक्यांची पट्टी विणायला सांगितलं, प्रत्येक टाक्याला मोठ्याने म्हणत: "सुई खालून." तिला लहान मुलीसारखं म्हणायला लाजल्यासारखं झालं, पण म्हणाली. पहिल्या ओळीत तीन फुल्या, दुसरीत एक, तिसरीत एकही नाही. पट्टीसारखं मागेपुढे विणताना काम दर ओळीला उलटतं, त्यामुळे एका ओळीची पुढची बाजू दिसते, पुढच्या ओळीची मागची. फुली ओळखायची तर ज्या ओळीची पुढची बाजू समोर आहे तीच बघावी लागते. म्हणून पट्टीनंतर एक छोटा गोलही विणून घेतला: ६, १२, १८, २४. गोलात काम उलटत नाही, सगळे टाके समोरून दिसतात.

त्यानंतर एक नियम केला: फेरीच्या खुणेचा दोरा पुढच्या फेरीत सरकवायचा तेव्हा आधीच्या फेरीतले पाच टाके बघायचे, व्ही आहेत का. एवढंच. मोजणं, पट्टी लावणं नंतर. खुणेच्या दोऱ्यापाशी हात तसाही थांबतो.

नवा बूट तीन दिवसांत झाला. तळवा ८.९ सेंटिमीटर, उंची ६.२. एका मिलिमीटरचा फरक हाताने विणलेल्या जोडीत राहतोच, आणि तो पहिल्या धुण्यानंतर कुठल्या बुटात होता हे सांगताही येत नाही.

शेवटचं काम सुतांची टोकं लपवायचं. बाळाच्या बोटात सुटं सूत अडकू नये म्हणून यात मी कुणाचंच ऐकत नाही: टोक किमान १५ सेंटिमीटर ठेवायचं, बोथट सुईने टाक्यांच्या आतून एकदा एका दिशेला, मग उलट दिशेला, आणि पुन्हा एकदा पहिल्या दिशेला न्यायचं, तेव्हा कापायचं. नमुन्यात घोट्याला बांधायला लांब साखळीची दोरी होती. ती काढून टाकली आणि त्या जागी काठाला दोन फेऱ्या दोन सुयांवर, एक टाका सुलट, एक टाका उलट अशा, टाके उचलून विणल्या. त्या ताणतात आणि सोडल्या की पुन्हा आवळतात, दोरी लागत नाही. त्या फेऱ्यांत उलट टाक्याचं सूत वरून घेते आहे ना, हे मात्र भाचीने स्वतःच थांबून बघितलं.